किडनी मागायची म्हणजे नेमकं काय मागायचं?

किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव असलेल्या माणसाला लोक हमखास दोन गोष्टी सांगतात. एक, देवावर विश्वास ठेवा. दोन, आमच्या ओळखीतल्या एकाला अमुक काढ्याने फरक पडला. दुसऱ्या सल्ल्याचं काय करायचं ते मला लवकर कळलं. हसून मान हलवायची आणि काढा घ्यायचा नाही, कारण थकलेल्या किडनीवर अनोळखी पाल्याचा रस ओतला तर उरलीसुरली लघवीही बंद व्हायची. पहिल्या सल्ल्याचं काय करायचं हे मात्र कळता कळत नव्हतं. अजूनही पुरतं कळलंय असं नाही, पण त्या वाटेवर काय काय झालं ते लिहिते.

माझं वय चव्वेचाळीस, राहायला धनकवडीत, नोकरी एका पतसंस्थेत. रक्तदाब वाढलेला होता आणि मला पत्ता नव्हता. किडनीचं दुखणं मुकं असतं. पाय सुजायला लागले, जेवणावरची वासना गेली, तोवर क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) कुठल्या कुठे गेलेलं. काही काळ गोळ्यांवर निभावलं. मग गळ्यात नळी घालून डायलिसिस सुरू झालं आणि पुढे डाव्या हाताला फिस्टुला केला.

फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडून देतात. सहा-आठ आठवड्यांत ती शीर फुगते, जाड होते, आणि मग दर वेळी तिच्यात दोन जाड सुया घालता येतात. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं. त्या जागेवर बोटं ठेवली की आत थरथर लागते, मांजर अंगावर बसून गुरगुरतं ना, तशी. डॉक्टर तिला थ्रिल म्हणतात. ती थांबली तर फिस्टुला बंद पडला असं समजायचं आणि तसंच उठून रुग्णालय गाठायचं. सकाळी उठल्यावर हातांकडे बघून श्लोक म्हणायची लहानपणची सवय आहे मला. आता आधी उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर जातात. थरथर लागली की मग श्लोक.

आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यातच चहा, ताक, आमटी आणि गोळ्या गिळायचं पाणी. भाज्या बारीक चिरून उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं, कारण पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, म्हणून पैशांच्या बाबतीत आम्ही तगलो. आरोग्यमित्राच्या टेबलापुढे कागद घेऊन उभं राहण्याची कथा वेगळी आहे, ती इथे नको.

आता दात्याचं. कायद्याप्रमाणे नवरा-बायको, आई-वडील, भावंडं, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं ही जवळची नाती. माझा रक्तगट ओ. ओ गटाची किडनी इतरांना चालते, पण ओ गटवाल्याला ओचीच लागते, हा त्यातला जाच. नवऱ्याचा गट बी. आईला मधुमेह, ती बाद. लेक अजून शाळेत. भावाचा गट जुळत होता, त्याची तयारीही होती. वहिनी नाही म्हणाली. तिची दोन मुलं लहान आहेत, तिच्या जागी मी असते तर काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे, म्हणून तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका कितीतरी जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे मला रुग्णालयात प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या समन्वयक मॅडमनी सांगितलं, तेही अगदी सहज, फॉर्म भरता भरता. डायलिसिसच्या वॉर्डात बायको किडनी देणार म्हणून तारखेची वाट बघणारे पुरुष मी पाहिले आहेत. नवऱ्याची किडनी घेणारी बाई मला अजून भेटायची आहे.

तर राहिली मृत्यूनंतरच्या दानाची यादी. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली हे सगळं चालतं. महाराष्ट्रात त्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय केंद्रं आहेत. पुण्याच्या केंद्राला आम्ही सगळे झेडटीसीसीच म्हणतो, झोनल ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेशन सेंटरचं लघुरूप. नाव नोंदवायचं रुग्णालयामार्फत, आणि एकाच रुग्णालयात. त्याआधी तपासण्यांचा रतीब: हृदयाचा टू-डी इको, कावीळ-एचआयव्हीच्या चाचण्या, दातांच्या डॉक्टरांचं पत्र, स्त्रीरोगतज्ज्ञांचं पत्र, एचएलए टायपिंग (दात्याशी पेशी किती जुळतात ते बघायला). दात किडलेला असला तरी फाइल अडते. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवायची असते, त्यामुळे शरीरात कुठेही जंतूंचं घर नको.

नाव लागलं तेव्हा मी मॅडमना विचारलं, माझा नंबर कितवा? त्या म्हणाल्या, "तशी सरळ रांग नसते हो." डायलिसिसवर किती महिने झाले याचे गुण असतात. लहान मुलांना जास्त, फिस्टुलासाठी जागाच उरली नाही त्यांना जास्त, पूर्वी स्वतःची किडनी कुणाला दिलेल्याला जास्त. त्यात रक्तगट आणि क्रॉसमॅच (आपलं रक्त दात्याच्या पेशींवर उलटतं का, ती चाचणी). म्हणजे आज तुमच्या मागे असलेला माणूस उद्या पुढे जाऊ शकतो आणि त्यात अन्याय काही नाही. किती दिवस लागतील याचं उत्तर जगात कुणाकडेही नाही. फोन बंद ठेवायचा नाही, गावाला जाताना सांगून जायचं, आणि घरातले आणखी दोन नंबर द्यायचे. एक नवऱ्याचा दिला, दुसरा सासूबाईंचा.

सासूबाई मूळच्या सासवडकडच्या. घराण्यात वारी. त्यांच्या देवघरात विठोबा आणि त्याच्या शेजारी माझ्या गोळ्यांचा डबा, कारण गोळ्या चुकायला नकोत. माझं देवधर्माचं प्रकरण यथातथाच होतं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आवडीने खायची, एवढंच. तीही गेली. बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, खजूर, केळं. उपवासाच्या ताटातलं जवळपास सगळं माझ्या निषिद्धांच्या यादीत. एकादशीला आमच्या घरात पोटभर वरण-भात खाणारी मी एकटीच, तोही सासूबाईंच्या हातचा.

यादीत नाव लागल्यावर मात्र मी मागायला लागले. मनापासून. डायलिसिसला जाताना, येताना, मशीनवर पडल्या पडल्या. पुण्यातल्या विठोबांची नावंही काय एकेक आहेत. त्यातला सदाशिव पेठेतला उपाशी विठोबा मला आपल्यातला वाटला, तिथेही जाऊन आले. लवकर येऊ दे. बस, एवढंच.

मग एका शुक्रवारी वॉर्डात कुणीतरी सहज बोललं. जोडून सुट्ट्या आल्या होत्या. पलीकडच्या कॉटवरचा पेशंट टेक्निशियन दादाला म्हणाला, "लाँग वीकेंड आहे, दोन-तीन दिवसांत फोन वाजतील बघा." कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. सगळ्यांना कळलं तो काय म्हणतोय. मेंदूमृत, म्हणजे मेंदू कायमचा थांबलेल्या दात्यांत रस्त्यावरच्या अपघातातले पुष्कळ असतात. हेल्मेट न घालता सिंहगडावर निघालेलं कुणाचं तरी तरुण पोर. मशीनचा पंप फिरत होता, माझं रक्त नळीतून जात होतं, आणि मी इतके महिने देवाकडे काय मागत होते ते मला लख्ख दिसलं.

त्यानंतर माझं मागणं बंद पडलं. देवासमोर उभी राहिले की शब्दच फुटेना. "मला किडनी मिळू दे" हे वाक्य उलटं करून बघा, काय होतं ते. मला विश्वास ठेवा म्हणणाऱ्यांचा राग यायला लागला. देवाची काहीतरी योजना असते, असं एक बाई म्हणाल्या. योजना म्हणजे त्या पोराचा अपघातही योजनेतच धरायचा का? कुणी म्हणे, तोसुद्धा अठ्ठावीस युगं विटेवर उभाच आहे की, तू दोन-चार वर्षांत काय थकतेस! त्याला आठवड्यातून तीनदा सुया टोचत नाहीत, असं ओठांवर आलं होतं. समोर नवऱ्याची आत्या होती म्हणून गिळलं.

सासूबाईंना मात्र मी बोलले. त्या मटाराच्या शेंगा सोलत होत्या.

"आई, मी मागते म्हणजे काय मागते, कळतंय ना तुम्हाला? कुणाचं तरी पोर जायला लागतं त्यासाठी."

त्यांनी मान वर केली नाही. "पोर काय तुझ्या मागण्यानं जात न्हाई. आन् तू मागितलं न्हाईस म्हनून ऱ्हात बी न्हाई. येवढं कुठलं आलंय गं तुझं वजन त्याच्याकडं?"

मला हसू आलं आणि रडूही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "मागायचंच आसंल तर त्या घरासाठी माग. ज्या घरात ह्ये व्हनार हाय. त्यांना त्या वक्ताला बळ दे म्हनावं."

मी यावर खूप विचार केला. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांची समिती असते. चाचण्या दोनदा करतात, मध्ये निदान सहा तासांचं अंतर ठेवून. त्या सहा तासांत एक आई अतिदक्षता विभागाबाहेर बसलेली असते. आत तिच्या मुलाची छाती व्हेंटिलेटरवर वरखाली होत असते, अंग गरम असतं, आणि तिला सांगतात की तो गेलेला आहे. मग कुणीतरी हळूच तिला अवयवदानाबद्दल विचारतं. त्या बाईला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. तिने हो म्हणावं असंही मी मागू शकत नाही. पण तिच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असावं, एवढं मागता येतं. ते मी मागायला लागले. कुणासाठी ते माहीत नाही, कधीसाठी ते माहीत नाही.

फोन आला तो रात्री, जेवणं उरकल्यावर. पुण्यातल्याच दुसऱ्या एका रुग्णालयात दाता होता. एक किडनी त्या रुग्णालयाच्या यादीला आणि दुसरी सगळ्यांच्या यादीला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तिसऱ्या आहात. स्टँडबाय. यायचं, आणि आता पाणीसुद्धा नको." एका किडनीसाठी दोन-तीन जणांना बोलावतात, कारण कुणाला ताप असतो, कुणाचा क्रॉसमॅच जुळत नाही. हृदय चार-एक तासांत बसवावं लागतं, त्याच्यासाठी पोलीस रस्ते मोकळे करतात. किडनी बर्फात बराच वेळ राहू शकते, म्हणून आमच्या रक्ताच्या चाचण्यांना उसंत मिळते.

सातारा रोडला रात्री गर्दी नव्हती. नवरा एरवी सिग्नल पाळणारा माणूस. त्या रात्रीही पाळला, पद्मावतीला रिकाम्या चौकात लाल दिव्याशी थांबलो. रक्त दिलं आणि बाकावर बसलो. पहिल्या नंबरवर विशीतली एक मुलगी होती, वडिलांबरोबर आलेली. दुसऱ्या नंबरचे गृहस्थ एका कोपऱ्यात डोळे मिटून. आम्ही तिघंही एकमेकांचा क्रॉसमॅच काय येतो याचीच वाट बघत होतो आणि तरी तिच्या वडिलांनी सगळ्यांना विचारलं, पांघरायला शाल हवी का. पहाटे निकाल आला. त्या मुलीचा जुळला. माझाही जुळत होता, पण तिचे गुण जास्त.

ती आत गेली तेव्हा मला हेवा वाटला. स्वच्छ, सणसणीत हेवा. आणि त्याच वेळी, हिची सुई सुटली, असंही वाटलं. दोन्ही खरं होतं. तिचे वडील येऊन म्हणाले, "ताई, तुमचाही येईल." मी हो म्हटलं. घरी येऊन उपमा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी माझी डायलिसिसची पाळी होतीच. टेक्निशियन दादाने विचारलं, "आज किती काढायचं?" अंगातलं साठलेलं पाणी. मी म्हटलं, अडीच लिटर.

माझ्या शेजारच्या कॉटवर एक काका असायचे. गळ्यात तुळशीची माळ, वर्षानुवर्षांची वारी. यादीत माझ्या कितीतरी आधीपासून. मशीनवर असताना त्यांची बोटं चादरीवर टाळ वाजवल्यासारखी हलायची. पायात गोळा आला की "पांडुरंगा" म्हणायचे, ओरडून नाही, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं. पावसाळ्याच्या तोंडावर एक सोमवार ते आले नाहीत. बुधवारी सिस्टरनी त्यांची वेळ दुसऱ्याला दिली. मला समजलं.

हे मला पचलं नाही. देवावर विश्वास ठेवला की मिळतं, असं जर असेल तर काकांना मिळायला हवं होतं. त्यांच्याइतका विश्वास मला सात जन्मांत जमणार नाही. मी देवळात जायचं सोडलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. गोळ्यांचा डबा तेवढा देवघरातून फ्रिजवर आणून ठेवला, म्हणजे मला तिकडे जायला लागू नये.

पालखीचं तेव्हा घडलं. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाशी. दोन रात्री राहून सकाळी हडपसरकडे निघतात. निघायचा तो दिवस नेमका माझा डायलिसिसचा, पाळी सकाळची, आणि सेंटर पुलगेटच्या पलीकडे. गोळीबार मैदानापाशी रिक्षावाल्याने हात टेकले. "ताई, आता पुढे माउलीच." अंगात दोन दिवसांचं पाणी साठलेलं, चार पावलं टाकली की धाप. उतरले आणि चालायला लागले.

त्या गर्दीत दर दहा पावलांवर कुणीतरी काहीतरी देत होतं. चहा. पाण्याच्या बाटल्या. राजगिऱ्याचे लाडू. केळी. अख्खं पुणे मला नेमकं तेच वाढत होतं जे मला चालत नाही. एका पोराने केळं हातात कोंबलंच. बाजूने एक म्हातारी वारकरीण चालली होती, डोक्यावर तुळस. मी थांबून दम घेतेय बघून तिने माझा डावा हात धरला आणि दचकून सोडला.

"ह्ये काय गं वाजतंय हातात?"

"मशीनची जागा आहे, आजी. किडनीचं आहे."

तिने पुन्हा हात पुढे केला, या वेळी नुसती बोटं टेकवली, आणि ऐकल्यासारखं केलं. "आसं व्हय. वाजू दे, वाजू दे," म्हणाली, आणि माझी पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला अडकवून पुलगेटपर्यंत आली. तिथे पिशवी दिली, पाया पडली (वारकरी पडतातच, कुणाच्याही) आणि गर्दीत गेली. केळं मी टेक्निशियन दादाला दिलं.

त्या दिवशी काही उलगडलं वगैरे नाही. वजन केलं, तीन किलोच्या वर पाणी होतं, दादा ओरडला. काकांच्या कॉटवर नवा माणूस होता. पण त्या चार तासांत मी पुन्हा नाव घ्यायला लागले, न ठरवता. नंतर कधीतरी गोळ्यांचा डबा देवघरात परत गेला. कुणी ठेवला ते आम्ही एकमेकींना विचारलं नाही.

आता माझा विश्वास "मिळेल" या शब्दावर नाही. मिळेल की नाही ते रक्तगट, गुण, क्रॉसमॅच आणि एका अनोळखी घराचं मोठं मन यांवर आहे, आणि देव त्या यादीत ढवळाढवळ करून मला वर सरकवेल असं मला वाटत नाही; तसा देव मला नकोही आहे, कारण मग तो त्या विशीतल्या मुलीला खाली ढकलणार. नाही मिळाली तरी मी त्याच्या हिशेबातून गळलेली नसेन, काकाही गळलेले नाहीत, एवढं धरून आहे. बीपी पडून डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा हेही सुटतं. मग सिस्टर पाय वर करतात, सलाइन सोडतात, थोड्या वेळाने पुन्हा जागेवर येतं.

मध्ये मी नेत्रदानाचा फॉर्म भरला. किडनीच्या पेशंटचेही डोळे चालतात, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. फॉर्मपेक्षा घरच्यांना सांगून ठेवणं महत्त्वाचं, कारण ऐन वेळी हो म्हणायचं असतं त्यांनीच. नवऱ्याला सांगितलं तर तो उठून गॅलरीत गेला. सासूबाई म्हणाल्या, माझेबी लिही.

यादीत नाव आहेच. इको वगैरे पुन्हा करून फाइल ताजी ठेवावी लागते, गेल्याच महिन्यात केलं. सासूबाईंचा मोबाइल दिवसरात्र देवघरापाशी चार्जिंगला असतो आणि वाजला की त्या कुठूनही धावत येतात. परवा दुपारी वाजला. मी आत पडले होते, ऐकू येत होतं.

"हां बोला! निघालोच आमी. तिनं काय बी खाल्लेलं न्हाई, पानीबी न्हाई!"

पलीकडे कुठल्याशा कर्जवाल्यांची मुलगी होती, स्पीकरवर. तिने विचारलं, "मॅडम, किती हवंय तुम्हाला?"

"किती म्हंजे?" सासूबाई म्हणाल्या. "येकच पायजे!"